कुलूप उघडल्याशिवाय बोली नाही

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे. नळ, पाइप, टाक्या, कड्या-कोयंडे, वॉटरप्रूफिंगचे डबे. बावीस वर्षं गल्ल्यावर बसून लोकांच्या घरात काय काय बिघडतं ते ऐकतेय. त्यामुळं 2017 मध्ये बँकेच्या लिलावातला एक फ्लॅट घ्यायचं आमचं ठरलं, तेव्हा वाटलं की दुरुस्तीचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको.

फ्लॅट मिरजेत होता, दुसऱ्या मजल्यावर. बाजारभावापेक्षा सहा लाखांनी स्वस्त. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असा शब्द होता, तो वाचला आणि पुढं गेलो. आत भाडेकरू राहत होता. आम्ही जिना चढून गेलो, बंद दारासमोर उभं राहून बाहेरचा गिलावा बघितला आणि परत आलो. बोली लागली, पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र हातात पडलं. प्रत्यक्ष किल्ली मिळायला त्यानंतर एकोणीस महिने गेले. एकोणीस महिने हप्ता चालू होता आणि घर दुसऱ्याच्या ताब्यात. शेवटी आत पाय ठेवला तेव्हा संडासाचं गळकं पाणी जिरून जिरून मधल्या बीमचं काँक्रीट सुटलेलं होतं आणि सळई उघडी पडली होती. ते जिन्यातून दिसणार कसं?

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे आणि लिलावातलं घर घेऊन, दुरुस्त करून विकायच्या या वाटेला पहिल्यांदाच येणाऱ्या प्रत्येकाला मी तोच सांगते. बँकेच्या माणसानं कुलूप उघडून तुम्हाला आत नेलं नाही, तर त्या घरावर बोली लावायची नाही. कितीही स्वस्त असू दे. मोडकं घर दुरुस्त करता येतं, पण न बघितलेल्या घराचा हिशोबच मांडता येत नाही.

नोटीस वाचताना

बँकेकडची बहुतेक घरं 2002 च्या सरफेसी कायद्याखाली लिलावात येतात. कर्ज थकून खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, गेलं की बँक 60 दिवसांची नोटीस देते, पैसे आले नाहीत तर ताबा घेते, आणि मग विक्री. पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची जाहीर नोटीस लागते. तो लिलाव रिकामा गेला तर पुढच्या वेळी 15 दिवसांची पुरते. या जाहिराती वर्तमानपत्रात येतात, आणि सरकारी बँकांच्या एकत्र यादीसाठी जानेवारी 2025 पासून बँकनेट नावाचं पोर्टल आहे. तिथं जिल्हा निवडला की सांगली, साताऱ्याची यादी समोर येते. सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात, त्यावर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलंय. आपल्याकडं सहकारी बँका पावलोपावली, त्यामुळं त्यांच्या शाखेतल्या नोटीस बोर्डावरही नजर असू द्या.

पतसंस्थांचा रस्ता वेगळा. त्यांची वसुली सहकार कायद्याच्या कलम 101 च्या दाखल्यावर चालते आणि लिलाव नियम 107 प्रमाणे होतो. तिथं बोली पडताच 15 टक्के भरावे लागतात, आणि कर्जदारानं 30 दिवसांत पूर्ण बाकी व वर विक्री किमतीच्या 5 टक्के भरले तर विक्री रद्द होऊ शकते. नवख्यानं सुरुवात बँकेच्या लिलावानं करावी, असं माझं मत आहे.

नोटिशीत मी सगळ्यात आधी ताब्याचा रकाना बघते. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तरच पुढं वाचते. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर कागद चिकटवलाय, आत माणसं राहतायत. त्यांना बाहेर काढायला बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जावं लागतं. मग सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतु:सीमा. मग घर बघायची तारीख. ती दिली नसेल तर नोटिशीतल्या बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला फोन करून मागून घ्या. ‘जसे आहे, जिथे आहे’ हे शब्द प्रत्येक नोटिशीत असतातच. पुढं काहीही निघालं तरी बँकेकडं दाद नाही, असा त्यांचा रोकडा अर्थ आहे.

आत गेल्यावर

आता 2023 मधल्या एका घराबद्दल सविस्तर सांगते, कारण जे काही शिकले ते त्या एका घरात एका ठिकाणी सापडतं. शामरावनगरच्या बाजूला गुंठाभर जागेतलं बैठं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं संडास-बाथरूम, वर मोकळं टेरेस. पंचवीस वर्षांपूर्वीचं बांधकाम. दीड वर्ष कुलूपबंद. बाहेरून फिकट निळा रंग, तोही बऱ्यापैकी ताजा.

माझ्याबरोबर आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक असलेले एक गवंडीमामा होते. चाळीस वर्षं थापी चालवलेला माणूस. पिशवीत टॉर्च, छोटा हातोडा, स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी आणि पाच रुपयांचं नाणं. एवढं सामान पुरतं.

दार उघडलं की पहिली दोन मिनिटं काही बोलू नका, नुसता वास घ्या. बंद घराला धुळीचा वास येतो तो वेगळा आणि ओलीचा कुबट वास वेगळा. इथं आत शिरताच कुबट वास आला, आणि महिना होता एप्रिल. एप्रिलमध्ये ओल असेल तर ती पावसाची नव्हे.

सांगलीत घर बघायचं म्हणजे आधी पुराची रेघ शोधायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, म्हणजे धोक्याच्याही वर साडेबारा फूट. आमच्या दुकानात तेव्हा फळीवरच्या नळांच्या खोक्यांत चिखल शिरला होता. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. भिंत रंगवून ती रेघ झाकता येते, पण गाळ झाकता येत नाही. तो कुठं सापडतो ते मी दुकान धुताना शिकले.

स्वयंपाकघरात जा आणि कडाप्प्याच्या मांडणीखाली टॉर्च मारा. कडाप्पा आणि भिंतीच्या सांध्यात बोट घालून फिरवा. तिथं कुणी रंग लावत नाही, कुणी धूत नाही. माझ्या बोटाला पिठासारखा मऊ, तपकिरी गाळ लागला. मग मामांनी मेन स्विच बंद असल्याची खात्री करून हॉलमधल्या एका स्विचबोर्डाचे दोन स्क्रू काढले आणि प्लेट बाजूला केली. आतल्या लोखंडी डबीच्या तळाला तोच गाळ, वाळून भेगाळलेला, आणि तारांच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर. बोर्ड जमिनीपासून साडेचार फुटांवर होता. म्हणजे पाणी किमान तिथवर पोचलेलं.

“ताई, ही वायरिंग सगळी गेली म्हणून धरा. एक बोर्डबी ठेवायचा न्हाई,” मामा म्हणाले.

शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तर त्यांनी आपल्या खिडकीच्या गजाला हात लावून दाखवला. “एकोणीसला हितवर आलंतं. आन् दर पावसाळ्यात समोरच्या मोकळ्या प्लॉटात गुडघाभर असतंयच की.” शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय कुठल्याही घरावरून परत येऊ नका. बँकेच्या फाइलमध्ये नसलेलं बरंच काही त्यांच्या बोलण्यात असतं. आणि बोलताना जपून बोला. ते घर त्यांच्या ओळखीच्या कुणाचं तरी होतं.

मग भिंती. खालच्या अडीच-तीन फुटांत रंग फुगून सुटलाय आणि बोट लावलं की पांढरी पूड पडते, याला आपल्याकडं लोणा लागणं म्हणतात. खालून चढलेली ओल सगळ्या भिंतीला सारख्या उंचीवर पट्ट्यासारखी दिसते. पाइप फुटला असेल तर एकाच ठिकाणी गोल डाग पडतो. वरून गळत असेल तर डाग छताजवळ सुरू होऊन खाली उतरतो. या तिन्हींचा खर्च एकमेकांच्या जवळपासही नसतो, म्हणून फरक ओळखायला शिका. डागाचं कारण मिटवता येतं. खालून चढणारी ओल पूर्ण मिटत नाही, फक्त आवरता येते. लोणा लागलेल्या भिंतीला नुसता रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. जुना गिलावा विटेपर्यंत काढायचा, भिंत वाळू द्यायची, मग वॉटरप्रूफिंग मिसळून नवा गिलावा. वाळू द्यायला दीड-दोन महिने लागतात आणि त्या दोन महिन्यांचं व्याजही हिशोबात येतं.

नाण्याचं काम इथं. भिंतीवर, फरशीवर नाणं ठोकत चला. घट्ट गिलावा टणक आवाज देतो, सुटलेला गिलावा रिकाम्या डब्यासारखा पोकळ वाजतो. प्रत्येक भिंतीचा किती भाग पोकळ आहे ते मी कागदावर घराचा आराखडा काढून रेघोट्यांनी भरते. घरी आल्यावर गिलाव्याचं क्षेत्र त्यावरूनच निघतं.

भेगा बघताना घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्या रंगाबरोबर जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढणारी भेग पायाची असते. कृष्णाकाठच्या आपल्या काळ्या मातीत हे फार. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. म्हणून मी शक्यतो एप्रिल-मेमध्ये घर बघते, तेव्हा भेग सगळ्यात उघडी असते. भेगेत रुपयाचं नाणं कडेनं शिरत असेल, किंवा पूर्वी बुजवलेली भेग त्याच रेषेत पुन्हा उघडली असेल, तर तिथं थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला आणा. त्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक तिरकी भेग होती, पण नाणं शिरत नव्हतं आणि जुना लांबी (पुट्टी) मारलेला भाग शाबूत होता. दारंही चौकटीत सरळ बसत होती. इंजिनियरनं बघून चालेल म्हणून सांगितलं.

छतासाठी हातोडा. बाथरूमचं छत आणि पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब आधी बघा. समांतर तपकिरी रेघा उमटल्या असतील तर त्या गंजलेल्या सळया आहेत. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आपल्या अंगावरचं काँक्रीट ढकलून देतं, म्हणून आधी रेघ, मग भेग, मग खपली पडते. बाथरूमच्या एका कोपऱ्यात खपली पडलेली असली तर दुरुस्ती होते. पण कॉलमच्या कोपऱ्यांवर उभ्या भेगा असतील आणि आत गंज दिसत असेल, तर मी ते घर सोडून देते. पहिल्याच घराला कॉलमची दुरुस्ती अंगावर घेऊ नये.

बाकीचं भराभर सांगते. चौकटींवर किल्ली आपटा, वाळवीनं पोखरलेलं लाकूड पुठ्ठ्यासारखं वाजतं. जुने लोखंडी जीआय पाइप दिसले तर सगळं प्लंबिंग नवीन धरा, त्यात जोडाजोडी टिकत नाही. टेरेसवर जाऊन कोबा, म्हणजे स्लॅबवरचा काँक्रीटचा थर, बघा, पाणी साठल्याचे काळे गोल डाग आहेत का आणि पन्हळीच्या तोंडाशी उतार आहे का. साताऱ्यात घर बघणार असाल तर पुराऐवजी डोंगराचं पाणी शोधा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या घरांत डोंगराकडच्या भिंतीला, म्हणजे बहुतेक वेळा मागच्या खोलीला, पावसाळ्यात पाझर असतो. ती खोली कपाट लावून झाकलेली असेल तर कपाट सरकवून बघा.

एक गोष्ट त्या दिवशी माझ्याकडून राहिली. मागच्या बोळात ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण कुणीतरी फरशी टाकून बुजवलं होतं. बघू नंतर म्हणून मी ते तसंच सोडलं. ताबा मिळाल्यावर उघडलं तर संडासाची लाइन फरशीखाली मधोमध फुटलेली. अठ्ठावन्न हजार रुपये तिथं गेले. आता बँकेच्या माणसाची परवानगी घेऊन झाकण उघडते, बादलीभर पाणी आत ओतते आणि ते पुढच्या चेंबरला निघतंय का हे स्वतः बघते.

कागद

कागदांचं काम वकिलाचं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोज्यांचा इतिहास, काढून घ्या, त्यात काटकसर करू नका. पण वकिलाकडं जाण्याआधी काही गोष्टी आपल्या आपण बघता येतात. शहर हद्दीत प्रॉपर्टी कार्ड, बाहेर सातबारा, आणि त्यावरचं क्षेत्र नोटिशीशी जुळतंय का. सांगलीत गुंठेवारीतली, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जागेतली, घरं बरीच. तिथं गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. 2001 चा कायदा आधी 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांना लागू होता, पुढं ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. प्रमाणपत्र नसेल तर पुढं विकताना गिऱ्हाइकाला कर्ज मिळायची अडचण, आणि तेवढा भाव कमी.

महापालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टीची बाकी काढा. विजेची बाकी ग्राहक क्रमांकावरून कळते, तो मीटरवर किंवा जुन्या बिलावर असतो. ती आपल्याला कशाला भरावी लागेल असं धरून चालू नका. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ‘जसे आहे, जिथे आहे’ अटीवर घेतलेल्या जागेची जुनी वीजबाकी, तसे नियम असतील तर, नव्या मालकाकडून मागता येते. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मेंटेनन्सची बाकी लेखी घ्या.

बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेलाय का, हे वकिलाला आवर्जून विचारायला सांगा. त्याला 45 दिवसांची मुदत असते आणि आपल्या भागातली प्रकरणं पुण्याला चालतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा त्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, पण खटला उभा असेल तर तुमचे पैसे अडकतात ते अडकतातच.

हिशोब मागून पुढं

घराची किंमत राखीव किमतीपासून, म्हणजे बँकेनं ठरवलेल्या किमान बोलीपासून, मोजायची नाही. शेवटापासून मोजायची. दुरुस्त झाल्यावर हे घर कितीला जाईल, तिथून मागं यायचं.

तो आकडा एजंटाला विचारून ठरवू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे, तिथं सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, उघडतात. त्याच गल्लीतले मागच्या वर्षा-दीड वर्षातले व्यवहार शोधले. दोन मिळाले, 31 लाख आणि साडेतेहतीस लाख. मी कमीचा आकडा धरला, कारण पुराची रेघ पुढच्या गिऱ्हाइकालाही कळणारच, आणि मी ती लपवणार नव्हते.

दुरुस्ती अशी धरली: गिलावा 1,05,000, वायरिंग 78,000, प्लंबिंग आणि संडास-बाथरूम 1,15,000, टेरेसचं वॉटरप्रूफिंग 62,000, रंग 55,000, दारं-खिडक्या 45,000. बेरीज 4,60,000. त्यावर न दिसलेल्या गोष्टींसाठी 20 टक्के, म्हणजे 92,000. हे 20 टक्के कधीही सोडू नका. एकूण 5,52,000.

मुद्रांक शुल्क सहा टक्के आणि नोंदणी फी एक टक्का, ती जास्तीत जास्त 30,000. राखीव किंमत 18,90,000 होती, त्यावर हे दोन्ही मिळून जवळपास 1,33,000. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, पण मी ती हिशोबात धरत नाही, मिळाली तर मिळाली. घरपट्टी, पाणी आणि विजेची बाकी 48,000. वकील, सर्च, इंजिनियर 30,000. बारा लाख कर्जाचं दहा टक्क्यांनी नऊ महिन्यांचं व्याज 90,000. विकताना एजंटचे दोन टक्के, 62,000. सगळं मिळून 9,15,000.

31 लाखांतून ते गेले, राहिले 21,85,000. यातून माझ्या कष्टाचे आणि जोखमीचे विक्रीच्या 15 टक्के, म्हणजे 4,65,000 वजा केले. उरले 17,20,000. हा माझा शेवटचा आकडा. वहीत लिहिला, खाली तारीख टाकली, आणि माझ्या नवऱ्यालाही त्यावर सही करायला लावली. बोली चालू असताना माणूस आपलंच गणित विसरतो, मी विसरलेली आहे.

राखीव किंमत माझ्या आकड्यापेक्षा 1,70,000 नं जास्त होती. मी बोली लावली नाही. मामा म्हणाले, “जाऊ दे की ताई, थोडंच हाय.” पण ते थोडं माझ्याच नफ्यातून जाणार होतं. कुणीच आलं नाही, लिलाव रिकामा गेला. अडीच महिन्यांनी तेच घर पुन्हा निघालं, या वेळी दहा टक्के कमी करून 17,01,000 ला.

बोलीच्या दिवसांचे पैसे

पैसे आधी उभे करा, मग बोली. बयाणा रक्कम, ज्याला सगळे इएमडी म्हणतात, साधारण राखीव किमतीच्या दहा टक्के असते. मी 1,70,100 भरले. बोली ऑनलाइन होती, दहा हजारांच्या टप्प्यानं. दुसरा कुणी आलाच नाही, आणि 17,11,000 ला घर माझं झालं.

बोली पडली की 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, इएमडी धरून. माझे 4,27,750 झाले, म्हणजे वरचे 2,57,650 दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. उरलेले 75 टक्के, 12,83,250, विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी संमतीनं मुदत वाढते, जास्तीत जास्त तीन महिने. नाही भरले तर भरलेले पैसे जप्त. साधं गृहकर्ज पंधरा दिवसांत हातात पडत नाही, म्हणून लिलावाच्या महिनाभर आधी कर्जाची फाइल तयार ठेवा. बऱ्याचदा लिलाव करणारी बँकच कर्ज देते, तिथं विचारून बघा. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो.

किल्ली मिळाल्यावर

ताबा घेताना बँकेचा अधिकारी, दोन पंच आणि आत काय काय आहे त्याची यादी हवी. विजेच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोलीचे फोटो, मग नवं कुलूप. आत राहिलेलं सामान आपलं नसतं, ते त्या कुटुंबाचं असतं. त्या घरात देव्हारा होता, भिंतीवरच्या फळीत पाठ्यपुस्तकं होती, आणि आतल्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलाची उंची दरवर्षी मांडलेली होती, शेवटची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. मी बँकेला लेखी कळवलं की सामान घेऊन जायला त्यांना एक महिना मिळावा. चौथ्या दिवशी त्या कुटुंबातली वहिनी आणि तिचा मुलगा आले. देव्हारा, पुस्तकं आणि अंगणातली तुळशीची कुंडी घेऊन गेले. मामांनी ती चौकट सुतारातर्फे अलगद काढून टेम्पोत घालून दिली. तशीही ती बदलायचीच होती.

एकूण दुरुस्तीला 5,37,000 लागले. ड्रेनेजचे अठ्ठावन्न हजार आणि गिलाव्यात वाढलेले एकोणीस हजार त्या 20 टक्क्यांनी झेलले. जिथवर पुराचं पाणी आलं होतं त्याच्या वर, पाच फुटांवर, सगळे स्विचबोर्ड नेले आणि मीटर आणखी उंच बसवला. अकरा महिन्यांनी घर साडेतीस लाखांना गेलं. पुराची उंची मी घेणाऱ्यांना भिंतीवर हात ठेवून दाखवली. सगळे खर्च जाऊन 4,33,000 उरले, आणि घर दोन वर्षांच्या आत विकल्यामुळं तो नफा उत्पन्नात धरून त्यावर कर भरला.

विक्री प्रमाणपत्राची नोंदणी झाली की प्रॉपर्टी कार्डवर, महापालिकेच्या घरपट्टीला आणि वीजबिलावर आपलं नाव लावायचे अर्ज एकाच आठवड्यात द्या. प्रॉपर्टी कार्डचं नाव लागायला वेळ जातो, आणि ते लागेपर्यंत घेणारा इसार द्यायला तयार होत नाही. माझे त्यात सात आठवडे गेले. गिलावा वाळत होता तेवढ्याच काळात ते काम उरकलं, म्हणून त्यापायी व्याज वाढलं नाही.